पाठीला सहावा महिना

गेल्या वर्षी सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी, मिशिगनमधल्या ट्रॉयपासून अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर असलेल्या एका लहान कलासंग्रहालयात वरच्या मजल्यावरच्या एका चित्राखालची पाटी बदलण्यात आली. जुन्या पाटीवर ‘रूथ आणि नामी’ असं होतं. नव्या पाटीवर ‘मरीया आणि अलीशिबा यांची भेट’ असं आहे. चित्रकार अज्ञात, फ्लँडर्स, सतरावं शतक, ही ओळ दोन्ही पाट्यांवर सारखीच. पाट्या इंग्रजीत आहेत. इथे नावं मराठी बायबलमधली दिली आहेत, कारण हा बदल ज्यांच्यामुळे झाला त्या डॉ. कुसुम वैरागडे तीच नावं वापरत.

वैरागडे मावशी ख्रिस्ती नाहीत. चित्रकलाही त्या कुठे शिकलेल्या नाहीत. त्या नागपूरच्या, स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि निवृत्त होईपर्यंत ट्रॉयमध्ये त्यांचं क्लिनिक होतं. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. हिवाळ्यात साडीवर जाड पार्का कोट आणि पायात बर्फाचे बूट. आवाज असा, की तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माइक बंद पडला तर लोक त्यांच्याकडे बघत.

क्लिनिकमध्ये त्यांचा एक नियम होता. वेटिंग रूम आणि तपासणीची खोली यांच्यामध्ये लांब कॉरिडॉर होता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला त्या स्वतः उभ्या राहत. पेशंट चालत येईपर्यंत नर्सनं तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या हाताला धरायचं नाही आणि फाइल डॉक्टरांच्या हातात द्यायची नाही. पेशंट खुर्चीत बसली, की मग फाइल. नव्या नर्सला त्या पहिल्या दिवशी हेच सांगत. आधी चाल, मग फाइल.

“कागदावर ती सांगते ते असते,” त्या म्हणत. “चालीत ती सांगत नाही ते असते.”

ही सवय क्लिनिकपुरती राहिली नाही. एका वर्षी मंडळाच्या गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये जेवणाची रांग लागली होती. प्राची नावाची एक मुलगी, आयटीत नोकरी करणारी, लग्नाला वर्ष झालेली, कागदी ताटांचे गठ्ठे घेऊन स्वयंपाकघरातून येत-जात होती. मावशींनी तिसऱ्या खेपेला तिला अडवलं.

“ते ठेव खाली. तू काऊन उचलून राहिली?”

“का हो मावशी? हलकी तर आहेत.”

“कितवा आठवडा?”

प्राची लाल झाली. “मावशी, प्लीज! मी अजून त्यालाही सांगितलेलं नाही.”

“मग आता सांगून टाक. तो काय तिथे उभा आहे, श्रीखंडाच्या रांगेत.”

आवाज नेहमीचाच असल्यामुळे श्रीखंडाच्या रांगेला सगळं ऐकू गेलं होतं. प्राची त्यानंतर काही दिवस मावशींशी बोलत नव्हती. बाळंतपण मात्र त्यांच्याकडेच झालं आणि घरी जाताना तिला डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा मिळाला. तो डबा मावशींच्या हाताखाली बाळंत झालेल्या प्रत्येक बाईला मिळे, मग ती कुठल्याही देशाची असो. एका अमेरिकन नवऱ्यानं झाकण उघडून, हे डेझर्ट आहे का, असं विचारलं होतं. “औषध आहे,” मावशींनी इंग्रजीत सांगितलं. “तुमच्यासाठी नाही.”

संधिवातानं बोटं वळेनाशी झाली तेव्हा त्यांनी कुणी सांगायच्या आत ऑपरेशनं थांबवली आणि वर्षभरात क्लिनिकही बंद केलं. निरोपाच्या पार्टीत त्या एवढंच म्हणाल्या, “हात गेले. डोळा चालू आहे.”

त्यांचे यजमान अरविंदकाका मोटार कंपनीत ब्रेकचे इंजिनिअर होते. त्यांच्या सांगण्यानुसार पुढचे सहा महिने घरात कठीण गेले. “ही कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहून माझी चाल बघायची. मला गुडघ्याचं दुखणं नव्हतं, ते हिनं बघून बघून आणलं.” शेवटी काकांनीच त्यांना त्या संग्रहालयात नेलं. तिथे लोकांना चित्रं दाखवत फिरवणारे स्वयंसेवक लागतात. मावशींनी रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि दर रविवारी दुपारची फेरी त्यांच्याकडे आली. बर्फ पडत असला तरी त्या जात. अशा रस्त्यावर गाडी काढू नका, फेरी कॅन्सल करा, असं कुणी सुचवलं तर उत्तर ठरलेलं होतं: “स्नो पडला म्हणून डिलिव्हरी कॅन्सल करते का कोणी?”

त्यांची फेरी वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत संपे. ते चित्र तिथे आहे. पायऱ्यांवर दोन बायका भेटताहेत. खालून आलेली तरुण, प्रवासाच्या निळ्या झग्यात, मागे खेचर. वर उभी असलेली वयस्क, डोक्याला तपकिरी रुमाल, कमरेला पांढरं ॲप्रन. दारात एक म्हातारा आणि कुत्रं. तरुण बाईनं एक हात पुढे केलेला आहे आणि तो त्या वेळी मधेच, ॲप्रनच्या अलीकडे हवेत, थांबल्यासारखा दिसे. जुन्या माहितीपत्रकात याबद्दल एक वाक्य होतं: चित्रकार हात रंगवण्यात कच्चा असावा.

पाटीप्रमाणे ही रूथ आणि नामी. रूथ म्हणजे नवरा वारल्यावरही सासूला न सोडणारी सून. नामी तिची सासू.

मावशींनी प्रशिक्षणाच्या काळात हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच त्या म्हणाल्या, “ही नामी नाही. ही अलीशिबा आहे.”

हे नाव त्यांना ठाऊक असण्याचं कारण असं. एम.डी. झाल्यावर त्यांनी विदर्भातल्या एका मिशन हॉस्पिटलमध्ये काही वर्षं काढली. तिथल्या बाळंतिणींच्या वॉर्डबाहेर याच भेटीचं एक छापील चित्र होतं. सिस्टर शांताबाई नावाच्या मेट्रन प्रत्येक नव्या बाईला त्या चित्रासमोर उभं करून सांगत, की ही अलीशिबा, हिला म्हातारपणी दिवस गेलेत, सहावा महिना आहे. ही मरीया, तिच्या नात्यातली मुलगी. हिलाही नुकतेच दिवस गेलेत आणि ही एकटी डोंगर चढून हिला भेटायला आली आहे. घरी जाणाऱ्या बाळंतिणी त्या चित्राखाली फूल ठेवून जात.

“एल्डरली प्रायमी, म्हणजे उतारवयातली पहिलटकरीण, हाय रिस्क,” मावशी फेरीतल्या लोकांना सांगत. “आणि तिला भेटायला कोण आली? राणी नाही, वैद्य नाही. दुसरी तशीच एक, घाबरलेली.”

अडचण एकच होती. चित्रातल्या वयस्क बाईला पोट नव्हतं. ॲप्रन पाटासारखं सपाट होतं. संग्रहालयाचं म्हणणं स्पष्ट होतं, की गरोदरपणाची खूण नाही, तेव्हा ही मरीया आणि अलीशिबा नव्हे. मावशींचं म्हणणं तितकंच स्पष्ट होतं. त्या बाईचा डावा हात कमरेमागे टेकलेला आहे. पाय फाकलेले आहेत, भार टाचांवर आहे, खांदे मागे गेले आहेत. “पाठीला सहावा महिना आहे,” त्या म्हणत, “आणि पोटाला काहीच नाही. असं होत नसते.”

अरविंदकाकांनी चित्र पाहून दुजोरा दिला, पण आपल्या पद्धतीनं. “सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी बघ. पुढे वजन नसेल तर ही बाई मागे पडायला पाहिजे.” मग बाहेर येऊन मित्रांना सांगितलं, “चाळीस वर्षं बायकांची पोटं तपासली, आता भिंतीवरच्या बायकांनाही सोडत नाहीये.”

मागे पडायला पाहिजे, हे वाक्य मावशींनी उचललं. पुढच्या रविवारपासून त्या फेरीतल्या लोकांना चित्राकडे पाठ करून त्या बाईसारखं उभं राहायला लावू लागल्या. हात कमरेवर, पाय दूर, भार टाचांवर, खांदे मागे. अजून मागे. लोक हसत, डगमगत आणि तोल सावरायला एक पाऊल मागे टाकत. “बघा,” मावशी म्हणत. “तुम्ही पडून राहिले. ती नाही पडत. काऊन नाही पडत?”

एका रविवारी उंचापुरा, निवृत्त झालेला एक गृहस्थ एकाऐवजी तीन पावलं मागे गेला. चित्रासमोरच्या जमिनीवर एक पट्टी आहे, ती ओलांडली की अलार्म वाजतो. तो वाजला. खालच्या मजल्यावरचे पहारेकरी धावत वर आले. गृहस्थाला काही झालं नाही, चित्रालाही नाही. पण सोमवारी मार्गरेटनं फोन करून मावशींना भेटायला बोलावलं. मार्गरेट स्वयंसेवकांची प्रमुख होती, पन्नाशीची, शिस्तीची आणि मावशींना मनापासून मानणारी.

त्या भेटीचा तपशील दोघींनी नंतर स्वतंत्रपणे सांगितला आणि तो जुळतो. बोलणं इंग्रजीत झालं.

“डॉक्टर, पाटीवर आहे ते सांगा,” मार्गरेट म्हणाली. “नाही तर रविवारची फेरी मला दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. माझा नाइलाज आहे.”

“पाटी चूक असेल तर?”

“ते ठरवणारे लोक वेगळे आहेत.”

“किती दिवस आहेत माझ्याकडे?”

“हा रविवार घ्या. मग मला सांगा.”

त्या आठवड्यात ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडहून त्यांची मुलगी अमृता रोज फोन करत होती. ती तिथे ऊर्जा कंपनीत इंजिनिअर आहे आणि आईशी इंग्रजीतच बोलते. “मॉम, प्लीज डोन्ट फाइट विथ द म्यूझियम.”

“मी फाइट करून नाही राहिली. मी डायग्नोसिस सांगून राहिली.”

“इट्स अ पेंटिंग, मॉम. नॉट अ पेशंट.”

“बाई तर आहे ना?”

फोन ठेवल्यावर त्या काकांना जे म्हणाल्या ते काकांनी पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. “हात गेले ते ठीक आहे. हे चुकलं तर डोळाही गेला. मग मी घरी बसून काय करू?” काकांनी त्या दिवशी थट्टा केली नाही.

रविवारच्या फेरीत दहा-बारा माणसं होती, त्यात मंडळातल्या ओळखीनं आलेला मीही होतो. मार्गरेट मागे उभी होती. मावशींनी बाकीची चित्रं नेहमीसारखी दाखवली. शेवटच्या खोलीत पाटीवरचं नाव स्वच्छ वाचलं, रूथची आणि नामीची गोष्ट पूर्ण सांगितली आणि लोकांचे आभार मानले. माणसं पांगली. मग त्या मार्गरेटकडे वळल्या.

“तुझं ऐकलं. आता माझं एक ऐक. तिच्यासारखी उभी राहा.”

“डॉक्टर—”

“एकदाच. मी धरते तुला.”

मार्गरेटनं पर्स बाकावर ठेवली. हात कमरेमागे नेला, पाय फाकले, खांदे मागे टाकले. मावशींनी तिला धरलं नाही. मार्गरेट डगमगली, सावरली आणि त्याच अवस्थेत थांबली. मग तिनं मान वळवून चित्राकडे पाहिलं.

“माय गॉड,” ती म्हणाली. “ऑगस्टचा अख्खा महिना मी अशी उभी होते. किचनमध्ये. धाकट्याच्या वेळी.”

“आणि पोट?” मावशींनी विचारलं.

“पोट होतं ना. पोट होतं म्हणून तर—”

दुसऱ्या दिवशी मार्गरेटनं पाट्या ठरवणाऱ्या क्युरेटरची भेट घेतली. क्युरेटर तयार नव्हता. उभं राहण्याच्या पद्धतीवरून चित्राचा विषय ठरत नाही, असं तो म्हणाला. मार्गरेटनं त्यालाही उभं केलं. तो पुरुष असल्यामुळे त्याला काही आठवलं नाही, पण तोही डगमगला. ते चित्र साफसफाईसाठी कधी ना कधी उतरवायचंच होतं. ते आधी उतरवायचं ठरलं.

मधल्या काळात रविवारची फेरी मावशींकडेच राहिली. त्या जागेवरच्या रिकाम्या भिंतीसमोर थांबून त्या सांगत, “पेशंट तपासणीला गेली आहे. रिपोर्ट यायचा आहे.”

रिपोर्ट मार्चमध्ये आला. वयस्क बाईच्या ॲप्रनखाली दुसरा रंग होता. सपाट ॲप्रन मूळ चित्रकाराचं नव्हतं. ते बऱ्याच नंतर कुणीतरी वरून रंगवलं होतं. कुणी आणि कशासाठी, हे कळलेलं नाही. गरोदर बाईचं चित्र घरात लावायला संकोच वाटला असेल, किंवा रूथ आणि नामी जास्त चांगली विकली जात असतील, असे दोन तर्क क्युरेटरनं मांडले आणि दोन्हींना पुरावा नाही हेही सांगितलं.

वरचा रंग काढायला उन्हाळा गेला. खालून सहाव्या महिन्याचं पोट निघालं. तरुण बाईचा पुढे आलेला हात हवेत नव्हता. तो त्या पोटावर टेकलेला होता. बोटांची टोकं नंतरच्या रंगाखाली झाकली गेली होती. माहितीपत्रकातलं चित्रकाराच्या कच्च्या हातांबद्दलचं वाक्य काढून टाकण्यात आलं.

एका बाबतीत मावशी चुकल्या होत्या. मरीयेच्या निळ्या झग्याखालीही काहीतरी निघेल, निदान तिसरा महिना, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिथे काही निघालं नाही. झगा पहिल्यापासून तसाच होता. क्युरेटरनं हे जरा भीतभीतच सांगितलं.

“बरोबर आहे त्याचं,” मावशी म्हणाल्या. “नुकतेच दिवस गेले तिला. पहिल्या महिन्यात काय दिसणार? शांताबाई तेव्हाच सांगत होत्या आणि मी एम.डी. असून विसरली.”

गुरुवारी पाटी बदलली तेव्हा समारंभ नव्हता. स्वयंसेवक, क्युरेटर, दोन पहारेकरी, अरविंदकाका आणि ह्यूस्टनहून विमानानं आलेली अमृता. क्युरेटरनं मावशींना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी चित्राकडे पाहिलं.

“वेळ लागला,” त्या म्हणाल्या. “पण नॉर्मल डिलिव्हरी.”

सगळ्यांत मोठ्यानं अमृता हसली. मग तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मराठीत म्हणाली, “तू बरोबर होतीस, आई.” काकांच्या माहितीप्रमाणे शाळा सुटल्यापासून तिनं बोललेलं हे पहिलं पूर्ण मराठी वाक्य होतं. काकांच्या या विधानाची खात्री करता आलेली नाही.

रविवारची फेरी मात्र कुठल्याही समारंभापेक्षा मोठी झाली. बातमी मंडळाच्या ग्रुपवर गेली होती आणि क्लिनिकच्या जुन्या नर्सनं ती तिच्या बाजूनं पसरवली होती. नेहमी दहा-बारा माणसं असत, त्या दिवशी जिना भरला. मावशींच्या हाताखाली बाळंत झालेल्या बायका होत्या. मराठी, गुजराती, तेलुगू, अमेरिकन. त्यांच्या मुली होत्या. प्राची नवऱ्याला आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला घेऊन आली होती.

“मावशी, ह्याला सांगा ना, तुम्ही रांगेत काय केलं होतं ते.”

“मी काय केलं? तुझा नवरा श्रीखंड सांडून बसला, ते सांग.”

एका गोऱ्या बाईनं स्टीलचा डबा परत आणला होता. तिनं तो इतकी वर्षं बटणं ठेवायला वापरला होता. मावशींनी झाकण उघडून आत पाहिलं. आत लाडू होते. कृती इंटरनेटवरून घेतलेली, डिंक कमी पडलेला. मावशींनी एक खाल्ला आणि डिंक कमी पडल्याचं सांगून दुसरा उचलला.

मग त्यांनी टाळी वाजवली. खोलीत बोलणं थांबलं.

“पाठ चित्राकडे. हात कमरेवर. पाय दूर. पट्टीच्या पुढे राहा, मागे कोणी गेलं तर मी जबाबदार नाही.”

खोलीभर माणसं मागे झुकून उभी राहिली. बायका, त्यांचे नवरे, मुली, प्राचीचा मुलगा, क्युरेटर. खोलीत जागा न मिळालेले जिन्याच्या पायऱ्यांवर तसेच उभे राहिले. दारातल्या पहारेकऱ्यानंही हात कमरेमागे नेला. पुरुष आणि मुली डगमगत होत्या. ज्या बायकांनी मुलं पोटात वाढवली होती त्यांतल्या बऱ्याच जणी मान वळवून चित्राकडे बघत होत्या आणि आपसात काहीतरी सांगत होत्या. अलार्म दोनदा वाजला. मार्गरेटनं तो तेवढ्यापुरता बंद करायला लावला.

डिसेंबरात वैरागडे दांपत्य शुगर लँडला राहायला गेलं. बर्फात गाडी चालवणं काकांना झेपेनासं झालं होतं आणि अमृतानं घराजवळ घर पाहून ठेवलं होतं. ट्रॉयचं घर विकलं गेलं. मावशींनी मंडळाचा निरोप समारंभ घेतला नाही. शुगर लँडला उष्मा फार आहे आणि लोक चालतच नाहीत, सगळे गाडीत बसलेले, मग बघायचं काय, एवढी एक तक्रार त्यांनी जाण्याआधी नोंदवली.

जाण्याआधीच्या रविवारी त्या संग्रहालयात आल्या. फेरी त्यांनी घेतली नाही. ती मार्गरेटनं घेतली आणि पुढेही तीच घेणार असल्याचं सांगितलं. मावशी पार्का न काढता लोकांच्या मागे मागे चालल्या. शेवटच्या खोलीत त्या सगळ्यांत मागे, दाराशी उभ्या राहिल्या. समोर चित्र होतं: पायऱ्या, खेचर, दारातला म्हातारा आणि पोटावर टेकलेला हात.

मार्गरेटनं दोघींची नावं सांगितली. मग लोकांना चित्राकडे पाठ करायला लावली आणि कसं उभं राहायचं ते दाखवण्यासाठी स्वतःचा हात कमरेमागे नेला.

“खाली,” मागून आवाज आला. “मार्गरेट, अजून खाली.”

मार्गरेटनं हात चार बोटं खाली घेतला.